स्कॉचला मार्क देताय? आधी बाटली झाका

संथघोट

गेली सहा वर्षं मी जी स्कॉच चाखतो तिची वहीत नोंद ठेवतो. तारीख, नाव, किती टक्के अल्कोहोल, वास कसा, चव कशी, घोट गिळल्यावर तोंडात काय उरतं आणि शेवटी शंभरपैकी मार्क. वासाला २५, चवीला २५, शेवटाला २५ आणि तोलाला २५. तोल म्हणजे हे सगळं एकमेकांना धरून आहे की एकच गोष्ट बाकीच्यांच्या डोक्यावर बसलीये ते. मी या धंद्यातला नाही, कोर्स वगैरे काही केलेला नाही, नुसती आवड आहे. पण आवड म्हणून करायचं तरी नीट करावं असं वाटतं, म्हणून हा धागा.

झालं असं की मागच्या महिन्यात जुन्या वह्या चाळताना टॅलिस्कर १० (नावापुढचा आकडा म्हणजे वय) तीन ठिकाणी सापडली आणि मार्क होते ८४, ९१ आणि ८७. व्हिस्की तीच, जीभ तीच आणि सात मार्कांचा फरक! मग मी आतापर्यंत जे शेकडो मार्क लिहिलेत त्यांना अर्थ काय, हा प्रश्न डोक्यातून जाईना. आणखी एक गोष्ट लक्षात आली की ज्या बाटल्यांवर मोठं वय लिहिलेलं होतं किंवा ज्यांच्याबद्दल मी आधी खूप वाचलं होतं त्यांना मी जवळजवळ कधीच ८५ च्या खाली आणलेलं नाही. म्हणजे मार्क व्हिस्कीला नाही, लेबललाच देत होतो.

मग लेबल झाकून चाखायचं ठरवलं. बहिणीला चार बाटल्या दिल्या, तिने दुसऱ्या खोलीत ओतल्या, ग्लासांच्या बुडाला १ ते ४ आकडे चिकटवले आणि कुठल्या आकड्याला काय ते स्वतःजवळ लिहून ठेवलं. प्रत्येकी १५ मिली, त्याहून जास्त नाही. ग्लास ट्युलिपच्या आकाराचे, तोंडाशी निमुळते, ग्लेनकेर्न म्हणतात ते. बर्फ नाही. ओतल्यावर दहा मिनिटं तसंच ठेवलं, वरचा अल्कोहोलचा झणका जरा ओसरू दिला. त्या दिवशी अत्तर लावलं नाही, दुपारनंतर कॉफी नाही. सगळं आधी कोरं चाखलं आणि मग ड्रॉपरने पाण्याचे तीन-चार थेंब टाकून परत.

ग्लास १. हिरवं सफरचंद, नाशपाती, मागून थोडं कापलेलं गवत. चव गोडसर आणि हलकी, शेवट लवकर संपला पण कडू झाला नाही. ८२. ही निघाली ग्लेनफिडिक १२, जिला वहीत मी ७४ दिले होते आणि पुढे 'सुरुवात करणाऱ्यांसाठी' असं लिहून मोकळा झालो होतो. त्या ओळीचं मला खरंच वाईट वाटलं.

ग्लास २. मेणबत्ती विझवल्यावर जो वास येतो ना, तो, आणि त्याच्याखाली संत्र्याची साल. जिभेवर तेलकट, जाडसर, आणि शेवटी समुद्रकाठच्या हवेसारखा खारटपणा. पाणी टाकल्यावर मध वर आला. हिच्यावर मी अर्धा तास घालवला, संपवावीशीच वाटेना. ९०. क्लाईनलीश १४. वहीत ८५ होते.

ग्लास ३. मनुका, टॉफी, अगदी लांबून आलेला धूर. गुळगुळीत. मधेच थोडी पातळ वाटली. ८१. जॉनी वॉकर ब्लॅक लेबल, वहीत ७२! आणि तेव्हा तर मी मन लावून चाखलीही नव्हती, ब्लेंड, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांच्या व्हिस्क्यांचं मिश्रण, आहे म्हणून दोन ओळीत उरकलं होतं.

ग्लास ४. धूर, आयोडीन, ओली दोरी, मग गडद गोडवा. ही कोण ते नाकाने आधीच सांगितलं त्यामुळे झाकण्याचा काही उपयोग झाला नाही. लागाव्हूलिन १६, ८८. वहीत ९३.

तर माझं म्हणणं एवढंच, की लेबल दिसत असताना दिलेले मार्क मी आता मार्क मानत नाही. तुम्ही कसे देता, लिहा.

धुरकट

झकास धागा, वाचनखूण साठवली. पण लागाव्हूलिनवर अन्याय झालाय. तुम्ही ती चौथी घेतली, तोवर तीन ग्लासांनी नाक थकलेलं. आणि क्लाईनलीशवर अर्धा तास, म्हणजे लागाव्हूलिनला काय उरलं? मायकेल जॅक्सन (गायक नाही, बियर आणि व्हिस्कीवर लिहिणारे यॉर्कशायरचे) शंभरपैकी मार्क द्यायचे आणि त्यांनी हिला ९५ दिले होते.

धुराबद्दल एक सांगतो कारण लोकांना वाटतं आयला या स्कॉटिश बेटावरच्या सगळ्या व्हिस्क्या सारख्याच. लागाव्हूलिन आणि कल ईला या दोन्ही डिस्टिलऱ्यांना जव येतात पोर्ट एलनच्या एकाच माल्टिंगमधून (जवाला मोड आणून वाळवतात ती जागा), पीटचा (दलदलीतली कुजलेल्या वनस्पतींची माती, वाळवून जाळतात ती) धूरही साधारण तेवढाच दिलेला. तरी कल ईला चाखा, स्वच्छ, लिंबाळ, राखेसारखी कोरडी, आणि लागाव्हूलिन जड, गोड, मुरलेली. फरक पडतो तो भट्टीवर. कल ईलात तांब्याची भांडी कमी भरतात त्यामुळे वाफेला तांब्याचा सहवास जास्त मिळतो आणि दारू हलकी उतरते, लागाव्हूलिनमध्ये उलटं, भांडी जवळजवळ काठोकाठ आणि ऊर्ध्वपातन एकदम संथ. शिवाय उतरणाऱ्या दारूतला पिंपात भरायचा मधला भाग कधी घ्यायचा आणि कधी थांबायचं हेही दोघांचं वेगळं. धुराचे जड रेणू उशिरा उतरतात, त्यामुळे जो जास्त वेळ थांबतो त्याच्या पदरात जास्त धूर. मला तर हे कळल्यापासून दोघी शेजारी शेजारी ठेवून चाखण्यात जो आनंद मिळतो तो एकेकटीत मिळत नाही.

नवशिकी

मी यात अगदी नवीन आहे, राग मानू नका. लाफ्रॉइग १० पहिल्यांदा नाकाशी नेली आणि सरळ दवाखान्याचा वास आला, पट्टी बांधताना येतो तो. मला वाटलं बाटली खराब आहे. लोक हिला इतकं डोक्यावर घेतात ते नक्की कशासाठी? आणि वास घेताना नाकात इतकं झोंबतं की पुढचं काही कळतच नाही, त्याला काय करायचं?

संथघोट

@नवशिकी, राग कसला, उलट तुमचं नाक चोख आहे. बाटली खराब नाही. जव मोड आणून वाळवताना खाली पीट जाळतात, त्या धुरातले फिनॉल जवाला चिकटतात. त्यात ग्वायाकॉल असतं त्याचा वास जळक्या लाकडाचा आणि क्रेसॉल असतात त्यांचा वास औषधाचा. आता गंमत बघा, १८६५ साली ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक ॲसिड वापरायला सुरुवात केली, ते कार्बोलिक ॲसिड म्हणजेच फिनॉल. म्हणजे दवाखान्याचा तो वास आणि लाफ्रॉइगचा वास एकाच घराण्यातले, तुम्हाला भास झालेला नाही. आवडेलच असं नाही पण. मला पहिल्यांदा आवडली नव्हती, चौथ्या-पाचव्या वेळी त्या औषधाच्या मागे व्हॅनिला आणि खारट काहीतरी सापडलं आणि मग सुटली नाही.

झोंबण्याबद्दल. ग्लास वाईनसारखा गरागरा फिरवू नका, अल्कोहोल सगळा एकदम वर येतो. हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, नाकाने आणि तोंडाने एकदमच हलका श्वास घ्या, मग हळूहळू वर आणा. एका नाकपुडीने, मग दुसऱ्या. नाक बधिर झालं की स्वतःच्याच मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या, ओळखीचा वास आला की नाक ताळ्यावर येतं. पहिला घोट अगदी छोटा, तो फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून, त्यावरून काहीच ठरवायचं नाही.

आणि शब्दांचं टेन्शन घेऊ नका. बाटलीवर हीदर आणि गॉर्सची फुलं लिहिलेली असतात, ती ज्याने हुंगलीच नाहीत त्याला ती कशी सापडणार? जुनी पुस्तकं, ओली माती, चामड्याचा पट्टा, जे तुमच्या आठवणीत आहे तेच लिहा.

मोजपट्टी

चर्चा छान चाललीये, दोन-चार गोष्टी जोडतो.

पहिली, पीटचे आकडे. लाफ्रॉइग ४० च्या आसपास, आर्डबेग ५० च्या वर असे जे पीपीएम (दहा लाख भागांत फिनॉलचे किती भाग) सांगतात ते जवाचे असतात, ग्लासातल्या दारूचे नाहीत. ऊर्ध्वपातनात बरंच मागे राहतं, पिंपात वर्षं गेली की आणखी कमी होतं. त्यामुळे आकडा मोठा म्हणजे धूर जास्त हा हिशोब सरळ लागत नाही.

दुसरी, रंग. २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांप्रमाणे पाणी आणि साधा कॅरामल रंग सोडून स्कॉचमध्ये काहीही टाकता येत नाही. पण तो रंग टाकता येतो! म्हणजे गडद दिसली म्हणून जुनी किंवा शेरीच्या (एक स्पॅनिश वाईन) पिंपातली असं अजिबात नाही. जर्मनीत रंग टाकला असेल तर लेबलवर लिहावं लागतं. मी तर म्हणेन नुसती बाटली झाकून भागत नाही, रंगही झाकायला हवा. २००१ साली बोर्दोच्या वाईन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता, पांढऱ्या वाईनला वास नसलेला लाल रंग दिला तर त्यांनी तिच्या वासाचं वर्णन तांबड्या वाईनच्या शब्दांत केलं. ते तर शिकलेले होते, आपण कोण. अपारदर्शक ग्लास घ्या नाहीतर खोलीत अंधार करा.

तिसरी, वय. बाटलीवरचं १२ म्हणजे आतली सगळ्यात तरुण व्हिस्की १२ वर्षांची. किमान ३ वर्षं ओकच्या पिंपात, तेही स्कॉटलंडमध्येच, आणि पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही. पण १२ वर्षं कुठल्या पिंपात हे वयापेक्षा महत्त्वाचं. बर्बनचं (अमेरिकी व्हिस्की) पिंप साधारण २०० लिटरचं, शेरीचं बट ५०० लिटरचं. लहान पिंपात दारूचा लाकडाशी संबंध जास्त येतो. तिसऱ्यांदा-चौथ्यांदा भरलेल्या दमलेल्या पिंपात १८ वर्षं काढून फारसं काही न मिळालेली व्हिस्की असते आणि चांगल्या ताज्या पिंपात १० वर्षांत तयार झालेलीही असते.

आणि एक चाचणी सुचवतो. पुढच्या वेळी चारपैकी दोन ग्लासांत एकच व्हिस्की ओतायला सांगा, तुम्हाला न सांगता कुठली ते. त्या दोघींच्या मार्कांत जेवढं अंतर पडेल तेवढी तुमची चूक धरायची.

आकडे_नकोत

मला हे मार्कांचं प्रकरणच पटत नाही. ८६ आणि ८७ मधला तो एक मार्क कशाचा असतो सांगा बरं? स्प्रिंगबँक १० चाखली की मला एका संध्याकाळी त्यात धूर जास्त दिसतो, दुसऱ्या दिवशी फळं, तिसऱ्या दिवशी ते जुन्या तळघरासारखं दमट काहीतरी. तिथे अडीच वेळा ऊर्ध्वपातन करतात (काही भाग दोनदा, काही तीनदा), जव स्वतःच्या फरशीवर मोडवतात, इतकी मेहनत घेतलेल्या गोष्टीला मी एक आकडा लावून मोकळं व्हायचं, हे मला जड जातं. मी फक्त शब्द लिहितो आणि परत प्यावीशी वाटते का, हो किंवा नाही.

संथघोट

@आकडे_नकोत, तुमचं 'परत प्यावीशी वाटते का' हे मी आजपासून वहीत घेतोय. पण आकडा मी सोडणार नाही आणि कारण सांगतो. नुसते शब्द असले की मी स्वतःला सहज फसवतो. न आवडलेल्या नावाजलेल्या बाटलीबद्दल मी 'गुंतागुंतीची', 'वेळ मागणारी' असं लिहून सुटतो. आकडा लिहायचा म्हटलं की पेन थांबतं, खरंच आवडली का ते ठरवावं लागतं. ८६-८७ च्या फरकाला अर्थ नाही हे मात्र मान्य. मोजपट्टींची चाचणी मी करणार आहेच, त्यात जे अंतर निघेल त्याच्या आतले फरक फरक म्हणून धरणार नाही.

आणि @धुरकट, ९५ दिले होते ते मलाही माहीत होतं, तेच तर दुखणं आहे! माझ्या वहीतल्या ९३ पैकी माझे किती आणि त्यांचे किती, हे मला आता सांगता येत नाही.

जुनं_पिंप

ब्लॅक लेबलला ८१ मिळालेले वाचून बरं वाटलं. ब्लेंड म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण जगात विकली जाणारी बहुतांश स्कॉच ब्लेंडच आहे आणि आज आपण ज्या सिंगल माल्टची (एकाच डिस्टिलरीतली, फक्त मोड आणलेल्या जवाची) नावं घेतोय त्यातल्या कित्येक डिस्टिलऱ्या ब्लेंडला माल पुरवूनच जगल्या. १८३० साली एनियस कॉफी यांनी सलग चालणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं, त्यातून हलकी ग्रेन व्हिस्की (गहू, मका अशा धान्यांची) भरपूर निघायला लागली, मग जड माल्टमध्ये ती मिसळून गुळगुळीत, दर वेळी सारखीच लागणारी दारू करायचं कसब तयार झालं. हे कसब सोपं नाही. पिंपं दर वर्षी वेगळी, डिस्टिलऱ्या बंद पडतात, तरी या वर्षीची बाटली मागच्या वर्षीसारखीच लागली पाहिजे. तुम्हाला जो 'लांबून आलेला धूर' सापडला तो बहुतेक कल ईलाचा, ती त्या ब्लेंडमध्ये असते. मी ब्लेंडला मार्क देताना बघतो की कुठला एक सूर वेगळा ओरडतोय का. नसेल तर तिथेच तोलाचे २५ पैकी २० पक्के.

पाण्याबद्दल कोणी बोललं नाही. मोठे ब्लेंडर रोजच्या कामात नमुने साधारण २० टक्क्यांपर्यंत पातळ करून हुंगतात, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. आणि आपल्याकडे 'पाणी घातलं तर अपमान' वगैरे चालतं ते सोडून द्या.

मोजपट्टी

+१ पाण्याला. २०१७ साली स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटरवर व्हिस्कीचं मॉडेल करून पाहिलं होतं. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर ग्वायाकॉलचे रेणू पृष्ठभागाजवळ राहतात, म्हणजे नाकापर्यंत येतात, आणि ५९ च्या वर गेलं की अल्कोहोलच्या गराड्यात आत बुडतात. त्यामुळे पिंपातून थेट भरलेली कास्क स्ट्रेंग्थ बाटली असेल तर थेंब थेंब पाणी टाकून बघाच. ४० टक्क्यांच्या बाटलीत मात्र जपून, ती आधीच पातळ आहे.

पाण्याने व्हिस्की गढूळ दिसायला लागली तर घाबरू नका. ४६ आणि त्याहून वर भरलेल्या बऱ्याच बाटल्या थंड करून गाळलेल्या नसतात, त्यातली तेलं आणि मेणं पाण्याने गढूळ होतात. चवीला तीच तर हवी असतात.

धुरकट

क्लाईनलीशच्या मेणावरून आठवलं, ते मेण येतं टाकीतल्या साक्यातून! ऊर्ध्वपातनाच्या मधल्या टाक्यांत जो चिकट थर साचतो तो तिथे मुद्दाम राखतात. एकदा टाक्या साफ केल्या तर दारूतला मेणाचा गुणच गेला होता, मग ती चूक परत झाली नाही. तुम्हाला नाव न बघता मेणबत्ती सापडली म्हणजे तुमच्या नाकावर माझा भरवसा बसला. लागाव्हूलिनचे ८८ मात्र मी अजून मानत नाही, ती पहिली घेऊन बघा.

संथघोट

काल दुसरी फेरी केली. खोलीत एकच लहान दिवा लांब कोपऱ्यात, रंग दिसेना. चार ग्लास, क्रम बहिणीने चिठ्ठ्या टाकून ठरवला आणि दोन ग्लासांत एकच व्हिस्की होती, कुठली ते मला ठाऊक नव्हतं. एकूण ६० मिली. ब्रिटनच्या मोजणीत ४० टक्क्यांची २५ मिली म्हणजे एक युनिट आणि तिथला सल्ला आठवड्याला १४ च्या आत राहायचा आहे. चाखणं हे चाखणंच राहावं म्हणून हे मी आधीच मोजून ठेवतो आणि पुढचे तीन-चार दिवस काहीच घेत नाही.

पहिला ग्लास, संत्रं, मेण, मिरी, ८९. दुसरा धुराचा, ९१, आणि त्याचा शेवट इतका लांब की तिसऱ्याला हात लावायला वीस मिनिटं थांबलो. तिसरा, फळं बंद, लाकूड जास्त, थोडी कडवट, ८४. चौथा नाशपातीचा, ८०.

पहिला आणि तिसरा एकच होते. क्लाईनलीश १४. ८९ आणि ८४, म्हणजे माझी पट्टी पाच मार्कांनी हलते. वीस मिनिटं थांबूनही धूर जिभेवरून गेला नव्हता, तो तिसऱ्याला नडला असं माझं मत. आणि दुसरा म्हणजे लागाव्हूलिन, तेव्हा @धुरकट, तुमचे तीन मार्क परत केले.

मग टॅलिस्करच्या त्या तीन नोंदींच्या तारखा काढून बघितल्या. ८४ बाटली उघडली त्याच दिवशीचे, ९१ सहा आठवड्यांनी, आणि ८७ दिले तेव्हा बाटलीत तळाशी चार बोटं उरली होती आणि उघडून वर्ष होत आलं होतं. हवेने ती आधी खुलली आणि मग उतरली असं आता वाटतंय. म्हणून वहीत दोन रकाने वाढवले, बाटली उघडल्याची तारीख आणि किती उरली. त्यात पाच मार्क माझ्या पट्टीचेही असणार, म्हणून पुढच्या वेळी नवी उघडलेली आणि जुनी उघडलेली अशा दोन टॅलिस्कर एकाच रात्री समोर ठेवणार आहे, झाकूनच.

नवशिकी

मी पण करून पाहिलं! मैत्रिणीने तीन ओतल्या. लाफ्रॉइग ओळखली (दवाखाना), बाकीच्या दोन नाही. एकीला लिहिलंय 'पावसात भिजलेली लाकडी खिडकी, मग मध' आणि ७८ दिले, ती बुनाहावेन १२ होती. ती आयलाची असूनही धूर कसा नाही? मी तर दोनदा हुंगली.

धुरकट

नाहीच आहे. बुनाहावेन १२ पीटशिवायच्या जवाची असते, बेटावरची असली तरी. तुमचं नाक परत बरोबर. पाच-सहा आठवड्यांनी तीच बाटली परत चाखा आणि खिडकी अजून भिजलेली आहे का ते इथे लिहा.